दिव्याचं तोंड

पेटी चहाच्या डब्याएवढी होती. राखाडी रंगाची, तीन बुटक्या पायांची. वर पांढरा बाण रंगवलेला आणि बाणाच्या शेपटीला एक हिरवा दिवा, पेटी जिवंत आहे हे कळावं म्हणून. बाण उत्तरेला ठेवायचा. म्हणजे दिवा आपोआप दक्षिणेला. पुढे जे काही झालं ते एवढ्यातूनच झालं.

भूकवच प्रकल्पाने आमच्या डोंगरपट्ट्यातल्या पाच गावांत बासष्ट पेट्या बसवल्या तेव्हा मला सातवा महिना होता. आमच्या खामदऱ्यात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली सून मी एकटीच, त्यामुळे केंद्रसखी म्हणून मला नेमलं. निवडलेल्या प्रत्येक घरी पेटी बसवायची, जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने उत्तर-दक्षिण रेष ओढायची आणि महिन्यातून एकदा जाऊन, बाण रेषेवर असल्याचा फोटो काढून पाठवायचा. फोटोखाली माझी सही.

इतरत्र पेट्या शाळा-कचेऱ्यांत बसवल्या होत्या; आमच्या डोंगरात तशा इमारती पुरेशा नव्हत्या, म्हणून घरांत. पेटीला घरातली सर्वांत निवांत जागा लागायची. पायांचा राबता नको, मिक्सर जवळ नको, दाराची धडधड नको. हे सांगितलं की प्रत्येक घर एकच जागा दाखवायचं. देवघराचा कोपरा.

पहिल्या दिवशी पुण्याहून, ही पेटी बनवणारे उपासनी सर स्वतः आले होते. आमच्या घरची पेटी त्यांनीच बसवली. केंद्र क्रमांक एकेचाळीस. ते गुडघ्यांवर बसून रेष ओढत होते आणि आत्या चहा घेऊन उभ्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

"ही काय ऐकत्या म्हनायची?" आत्यांनी विचारलं.

"जमीन ऐकते, आजी."

"आजी म्हनू नगा. तुमच्यापरास दोन वर्सांनी बारकीच असंन मी."

सर हसले आणि चहा घेता घेता त्यांनी ओट्याजवळ जमलेल्या सगळ्या बायकांना समजावून सांगितलं. लांब कुठेतरी, समुद्रापलीकडे, मोठा भूकंप होतो. त्याच्या काही लहरी पृथ्वीच्या पोटातून जातात, पण काही वरच्या सालीतूनच धावतात. त्या पृष्ठलहरी. त्यांचे प्रकार दोन. एक रॅले लहर: ढेकळांतून बैलगाडी जावी तशी वर-खाली, पुढे-मागे हेलकावत जाते. दुसरी सापासारखी. वर-खाली नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे. तिचं नाव लव्ह लहर.

"लव्ह?" शेजारच्या शांताकाकू पदराआड हसल्या. "जिमिनीला बी झालं व्हय ते?"

"अहो, शास्त्रज्ञाचं आडनाव आहे ते."

"आडनाव तर आडनाव. लगीन झालं हुतं का पर त्याचं?"

सगळ्या हसल्या, सरही हसले. मग ते माझ्याकडे वळले, कारण पुढचं मला कळायला हवं होतं. लहर जितकी लांब तितकी ती खोलवर पोचते. लांब दांड्याचा डाव पातेल्याच्या तळाला लागतो तसं. खालचा दगड थंड आणि घट्ट असेल तर लहर भरभर जाते, तापून मऊ झालेला असेल तर रेंगाळते. वेगवेगळ्या लांबीच्या लहरींचा वेग मोजला की दीडशे किलोमीटर खोलपर्यंतचा नकाशा निघतो, कुठेही न खणता. आणि साधारणपणे कवचात थर आडवे असतात, म्हणून सापाच्या चालीची लहर बैलगाडीच्या पुढे धावते. ती जर मागे पडली, तर समजायचं की खाली थर उभे आहेत. काहीतरी तापलेलं वर चढतंय.

"म्हणून दिशा महत्त्वाची," सर म्हणाले. "पेटीला तीन कान आहेत. एक वर-खालीचा, तो या पेटीत जरा बहिरा; एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, भिस्त या दोघांवरच. कोणता कान कुठे बघतोय ते ठाऊक असलं तरच कुठली लहर कोणती ते ठरतं."

"मग आत होकायंत्रच का नाही बसवलं, सर?"

"तुमच्या या काळ्या दगडात लोह आहे. होकायंत्र भरकटतं. पण घाबरू नकोस. लांबच्या भूकंपाची लहर आली की यंत्रणा प्रत्येक पेटीची शेजारच्या पेट्यांशी तुलना करते. एखादी फिरलेली असेल तर लगेच सापडते आणि हिशेबात सरळ करून घेतली जाते. एक पेटी खोटं बोलेल. सगळ्या कशा बोलतील?"

तिसऱ्या दिवशी मी देवघर पुसायला गेले तर पेटी फिरलेली. बाण पश्चिमेला, दिवा पूर्वेला.

"आत्या, ही तुम्ही हलवली?"

"हलवली न्हाई. नीट ठेवली." आत्या फुलं वाहत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "घरात दक्षिणेला तोंड करून दिवा कवा ठेवत्यात, ठावं हाय न्हवं तुला?"

मला ठाऊक होतं. माणूस गेल्यावर.

त्याच्या आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ घाटात गेलं होतं. आठवा महिना सरत आला होता, जीप सातव्या वळणावर होती आणि तालुक्याचा दवाखाना अजून चाळीस मिनिटांवर. त्या बाळाला नाव नव्हतं, त्याचं काही करायची पद्धतही नव्हती. पण आत्यांनी तीन दिवस माजघरात एक दिवा ठेवला होता, वात दक्षिणेला करून. कुणाला काही बोलल्या नव्हत्या. मी अंथरुणावरून बघत होते.

मी पेटीला हात लावला नाही. पोटावर हात ठेवून उठले आणि बाहेर आले.

महिनाअखेरीला फोटो काढायला निघाले तेव्हा कळलं, सगळीकडे तेच. शांताकाकूंकडे दिवा पूर्वेला. सरपंचांकडे पूर्वेला. डोंगरापलीकडच्या बांदेघोळीत, जिथल्या बायकांना आमच्या बायका वर्षातून एकदा जत्रेला भेटतात, तिथेही पूर्वेला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन घरांत मी समजावलं, रेष दाखवली. त्यांनी मान डोलावली; मी गेट ओलांडायच्या आत पेटी पुन्हा फिरली असणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. माझे पाय सुजलेले. बासष्ट घरं. आणि प्रत्येक घरात वाद कशाचा घालायचा, तर जो दिवा मी माझ्या स्वतःच्या घरात सरळ केला नव्हता त्याचा.

चौथ्या घरात मी म्हणाले, "काकू, फोटोपुरती रेषेवर ठेवू. मग तुम्ही काय ते करा."

त्या इतक्या खूश झाल्या की जाताना त्यांनी मला फणसपोळीची पुडी बांधून दिली.

पुढे ते ठरूनच गेलं. मी आले की घरची बाई पेटी रेषेवर ठेवायची, मी फोटो काढायची, ती पुन्हा फिरवायची. यंत्रणेला कळेलच, मी स्वतःला सांगत राहिले. शेजाऱ्यांशी तुलना होते ना. बाळंतपणाच्या महिन्यातले फोटो संग्रामने, माझ्या नवऱ्याने, काढून दिले. सही मीच केली.

जुई तालुक्याला झाली, ठरवून, पंधरा दिवस आधी तिथे जाऊन राहून. ती जन्मल्यापासून मला झोप अशी लागलीच नाही. तिचा श्वास मोजायची मला सवय लागली. मिनिटाला किती, पोट किती वर येतं, ओठांचा रंग. संग्राम म्हणायचा, "बघून बघून नजर लावशील तिला." मी म्हणायची, "बघितलं नाही म्हणूनच एक गेलं."

जुई अकरा महिन्यांची असताना नकाशा आला.

मधल्या काळात उत्तरेत मोठा भूकंप होऊन गेला होता आणि सरकारने या नकाशावरून प्रत्येक गावाला पायावर्ग द्यायचं ठरवलं होतं. अ म्हणजे भक्कम. ड म्हणजे खालचं कवच पातळ आणि तापलेलं, ताण साठण्याचा धोका. तिथे नवं बांधकाम नाही, सरकारी इमारत नाही, दोन वर्षांत गाव हलवायचं. आमची पाचही गावं नकाशावर जांभळी होती. आजूबाजूला शंभर-शंभर किलोमीटर हिरवं, आणि मध्येच आमचा जांभळा ठिपका, कुणीतरी शाईचं बोट टेकवावं तसा.

संग्रामने तो नकाशा काजूच्या शेडमध्ये मोबाइलवर पाहिला. बिया फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"असं कसं?" तो मला म्हणाला. "इथं भांडं सुद्धा कधी हललं नाही. तू तर त्यांच्यातली. तुला काय सांगितलं होतं त्यांनी?"

"बघते," मी म्हणाले.

जुईला मांडीवर पाजत मी पूर्ण अहवाल वाचला. सत्तेचाळिसाव्या पानावर होतं ते. या पट्ट्यात लव्ह लहर रॅले लहरीच्या मागे पडते. देशात इतरत्र अशी उलटापालट आढळलेली नाही. यावरून खालून वर चढणाऱ्या तप्त खडकाचा निष्कर्ष निघतो. ही विसंगती सर्व बासष्ट केंद्रांवर सारखीच असल्याने ती यंत्रदोषामुळे असण्याची शक्यता तपासणीअंती फेटाळण्यात आली आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. जमिनीखाली काही उलटं नव्हतं. पेट्या काटकोनात फिरलेल्या होत्या. उत्तरेचा कान पश्चिमेला लागला होता, म्हणून बैलगाडीला साप म्हटलं गेलं आणि सापाला बैलगाडी. शेजाऱ्यांशी तुलना झाली होती. शेजारीही तेच सांगत होते.

त्या क्षणी फोन उचलायला हवा होता. सरांचा नंबर पहिल्या पाचांत होता. मी उचलला नाही, आणि त्याचं कारण मला आजही गोड करून सांगता येत नाही. अहवालासोबत पुनर्वसनाचं पत्रक होतं. नवं खामदरे, शहराबाहेर, सपाटीला. पत्रकावरच्या आराखड्यात वसाहतीच्या कडेला लाल अधिकचं चिन्ह होतं. बालरुग्णालय. मी मोजपट्टी काढून मोजलं. आमच्या प्लॉटपासून सहाशे मीटर. मध्ये घाट नाही, वळण नाही.

संध्याकाळी संग्राम म्हणाला, "मग? काय म्हणतायत?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले. आकडे बरोबरच होते.

गाव सोडताना रडारड फार झाली नाही. लोक भ्यालेले होते. ज्या जमिनीवर पिढ्या निजल्या तिच्याखाली काहीतरी शिजतंय असं कळल्यावर लोकांनी पाय वर घेतले. शांताकाकू अंगणात चप्पल घालून फिरू लागल्या. घरं रिकामी झाली तशी प्रकल्पाने दारांना सील लावलं. पेट्या आतच ठेवल्या, सौरपट्टीवर चालत्या. आरोग्य केंद्र मिटलं. नर्सबाईंनी औषधांची शीतपेटी जीपमध्ये चढवली तेव्हा आत्या त्यांना पोचवायला गेल्या होत्या.

आत्या आल्या नाहीत.

"तुमी जावा," त्या म्हणाल्या. "पोरीला घिऊन जावा. मला न्हाई भ्या वाटत."

"आई, खाली आग आहे म्हणतात," संग्राम म्हणाला.

"आग असती तर माज्या आळूला कळली असती. दर वर्साला त्योच गारवा हाय खाली." मग माझ्याकडे बघून, "व्हय गं केतकी? तू शिकल्याली. हाय का आग?"

मी जुईचं टोपडं बांधत होते. "धोका घ्यायचा कशाला, आत्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. 

नव्या घरात राहायला जाऊन चार महिने झाले होते. भर दुपारी जुईला ताप चढला आणि माझ्या हातातच तिचे डोळे फिरले. अंग ताठ, ओठ निळे, मूठ आवळलेली. मी अनवाणी धावले. तेव्हाही मोजत होते, मला थांबवता येत नव्हतं. रुग्णालयाच्या दारात नऊशे चाळीस झाली पावलं. डॉक्टरांनी औषध दिलं, मूठ सुटली. नंतर ते म्हणाले, "लवकर आणलंत. झटका थांबत नव्हता. आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता येत नाही."

खामदऱ्याहून तालुका दीड तास.

त्या दिवसापासून मी स्वतःशी तो विषय काढणं बंद केलं.

संग्राम मंगळवारी आणि शनिवारी आत्यांकडे जायचा. काजूच्या हंगामात तर दोन-दोन दिवस राहायचा. एका शनिवारी तो गेला तेव्हा घराला कडी होती. त्याने बागेत हाका मारल्या. काजूखाली टोपली पडलेली, अर्धी भरलेली, आणि वाळक्या पाचोळ्यात फरपटल्याची खूण. खुणेच्या मागे तो गेला. आत्या आरोग्य केंद्राच्या पायरीवर बसलेल्या होत्या, दाराला पाठ टेकून. घोट्याच्या वर लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली. घोणस चावली होती, हे नंतर कळलं. पाय मांडीपर्यंत काळा पडला होता, अंग गार झालं होतं. कुलपाजवळचा दाराचा रंग दगडाने ठेचून निघालेला होता.

तिथल्या शीतपेटीत घोणशीच्या विषावरचं इंजेक्शन कायम असायचं. काजूचा पट्टा आहे आमचा. दर हंगामात दोन-तीन जण त्या पायरीवरून बरे होऊन घरी जात.

दिवस घालायला आम्ही जुन्याच घरी गेलो. संग्रामने देवघराशेजारी पिठाच्या छोट्या ढिगावर पणती ठेवली आणि वात दक्षिणेला केली. शेजारी पेटीचा हिरवा दिवा पूर्वेला बघत होता. आत्या रोज तिच्यावरची धूळ पदराने पुसत असणार. ती लखलखत होती. खालची पिवळी रेष मात्र मधोमध झिजली होती.

मी वाकले आणि पेटी फिरवली. बाण रेषेवर, दिवा दक्षिणेला. पणती आणि पेटी एकाच दिशेला बघू लागल्या.

"काय करतेस?" संग्राम म्हणाला.

"ही अशी असायला हवी होती. पहिल्या दिवसापासून."

मग मी सांगितलं. रेष, फोटो, बासष्ट घरं, सत्तेचाळिसावं पान. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. जुई पलीकडे उंबऱ्यावर काजूच्या बिया एकापुढे एक मांडत होती.

"पेटी आईनं फिरवली," शेवटी तो म्हणाला. "सगळ्या बायांनी फिरवल्या. त्यांना काय ठाऊक? पण तुला कळलं तेव्हा तू काय केलंस?"

"गप्प बसले."

"कधीपासून?"

"जुई अकरा महिन्यांची होती तेव्हापासून."

"म्हणजे आईनं तुला विचारलं, आग हाय का, तेव्हा..."

"ठाऊक होतं."

तो पणतीकडे बघत राहिला. मी म्हणाले, "त्या दुपारी जुई इथं असती तर..."

"ते मला सांगू नको." त्याचा आवाज चढला नव्हता. "ते मला ठाऊक आहे. ते ठाऊक आहे म्हणूनच तुला एक शब्द बोलता येत नाही मला. केवढं करून ठेवलंस तू."

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता. जमलेल्यांनी एकेक आश्वासन देऊन पाहिलं: बाग सांभाळू, जुईला शिकवू. संग्राम माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सांग." मी मनातल्या मनात सांगितलं, खरं काय ते कळवीन. कावळा आला, माझ्या सांगण्यामुळे की भुकेने, ते कुणाला कळणार.

तेराव्यानंतर मी उपासनी सरांना फोन केला. ते निवृत्त झाले होते. सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"नमुन्याची पेटी घरी आणली होती मी," ते म्हणाले. "बायको म्हणाली होती, दिवा भलत्या बाजूला काढलाय तुम्ही. मी हसलो होतो." मग शांतपणे, "पेटी तू कुठल्या तारखेला सरळ केलीस?"

मी सांगितली.

"मग पुरावा आहे. जमीन तीच, पेटी तीच, त्या तारखेच्या आधीची लहर आणि नंतरची लहर वेगळी दिसेल. बाकीच्या घरांना सील आहे, त्यामुळे ही एकच. लेखी कळव त्यांना. आणि मोठ्या भूकंपाची वाट बघ."

मी लेखी कळवलं. आठवड्याने प्रकल्प समितीचे सहायक संचालक मोबाइलच्या पडद्यावर आले. पन्नाशीचे, सौम्य, कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध.

"मॅडम, हे फोटो तुम्हीच पाठवलेत ना? अहवालाला धरलेले अकरा महिने, बासष्ट केंद्रं. सहाशे ब्याऐंशी फोटो. प्रत्येकात बाण उत्तरेला आहे. खाली सही तुमची."

"फोटो त्या एका मिनिटाचे आहेत. नंतर पेट्या फिरवायच्या."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की पाच गावांतल्या बासष्ट घरच्या बायकांनी, एकमेकींना न विचारता, पेटी एकाच बाजूला फिरवली?"

"विचारायचं काय त्यात? तुमच्या घरात देवापुढचा दिवा कुठे बघतो?"

 त्यांना कळलं होतं. बासष्ट घरं फिरून मला चेहरे वाचता येऊ लागले होते, मला दिसलं ते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "हे मी कशात लिहू? अकराशे कुटुंबं हलवलीत. तुमच्या एका पत्रावर तो नकाशा मागे घेऊ? उद्या खरंच काही झालं तर?" मग सहज चौकशी केल्यासारखं, "मुलगी कशी आहे तुमची? तिकडे रुग्णालय जवळ आहे, नाही?"

"बरी आहे," मी म्हणाले.

"एकेचाळीस नंबरचा डेटा आम्ही जरूर बघू. तशी नोंद करतो."

मग मी वाट बघू लागले. दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर कोसळणाऱ्या भूकंपाची. सकाळी उठले की जुईच्या कपाळाला हात लावायची आणि मग मोबाइलवर जगातले भूकंप बघायची. पाच पूर्णांक एक. चार पूर्णांक आठ. पुरेसे मोठे नव्हते. एकोणिसाव्या दिवशी आला तो, सात पूर्णांक चार, दूर समुद्रतळाशी. बातमीत होतं, किनाऱ्यावरची काही गावं लाटेत गेली. मला आधी हायसं वाटलं. त्या बायकांचं काय झालं असेल हा विचार नंतर आला, आणि तो नंतर आला हेही मी पाहिलं.

त्यानंतर पाऊण तासात लहर आमच्या जमिनीखालून गेली असेल. बैलगाडी आणि साप. एकेचाळीस नंबरच्या पेटीने त्यांना पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या नावांनी ओळखलं असणार.

तो शनिवार होता. आम्ही तिघं जुन्या घरी गेलो होतो. जुईला बागेत सोडायची माझी अजून हिंमत नव्हती, म्हणून ती माजघरात खेळत होती. दुपारी केंद्रसखीच्या जुन्या खात्यावर संदेश आला. मी मोठ्याने वाचला, संग्रामला ऐकू जावा म्हणून.

"केंद्र ४१. दिशादोष आढळला. शेजारच्या सर्व एकसष्ट केंद्रांशी विसंगत. आपल्या केंद्राच्या नोंदी नव्वद अंशांनी फिरवून दुरुस्त करण्यात आल्या आहेत. आपण स्वतः काहीही करण्याची आवश्यकता नाही. सहकार्याबद्दल आभार."

संग्राम दारात उभा होता.

"म्हणजे?"

"म्हणजे पेटी आपण कशीही ठेवली तरी तिचा दिवा आता पूर्वेलाच मोजतील."

त्याने मान हलवली. "आईच्या मनासारखं झालं मग," तो म्हणाला. जुईला उचलून त्याने खांद्यावर घेतलं आणि बागेकडे निघाला. मी म्हणाले, "पाचोळ्यात उतरवू नकोस तिला." तो थांबला नाही.

मी देवघरापाशी बसले. पेटी रेषेवरच होती, अगदी फोटोतल्यासारखी. मी पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि बागेतून जुईचा आवाज येतोय का ते ऐकत राहिले.